अपक्ष उमेदवार आणि नाशिकचे महापौरपद

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे आपल्या ज्ञातीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. 'आपल्यापैकी कोणी नाशिकचा महापौर का होऊ नये?' हा तो प्रश्न होय. त्यावर कोणी वडीलधारे गृहस्थ सांगतात की, आपली संख्या थोडी आणि मोठे पक्ष आपणांस विचारीत नाहीत. मग एखादा तरुण उसळून म्हणतो, 'पक्ष नको, आम्ही अपक्ष उभे राहू!' टाळ्या पडतात, चहा येतो आणि प्रश्न तेथेच राहतो. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचा इतिहास आपल्या कुटुंबांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. उत्साहावर पाणी ओतण्याचा आमचा हेतू नाही. रस्ता कोठून कोठे जातो हे माहीत असले म्हणजे पाऊल नीट पडते, एवढाच आमचा विश्वास आहे.

आरंभ शब्दापासून करू. 'मेयर' या इंग्रजी शब्दासाठी 'महापौर' हा प्रतिशब्द रूढ करण्याचे श्रेय स्वातंत्र्यवीर विनायक दामोदर सावरकर यांना दिले जाते. त्यांचा जन्म १८८३ साली आपल्याच जिल्ह्यातील भगूर गावी झाला. 'पौर' म्हणजे पुरात राहणारा, नगरवासी. सर्व नगरवासीयांत जो अग्रस्थानी बसतो तो महापौर. या शब्दात पक्ष नाही, पंथ नाही आणि ज्ञातीही नाही. शब्दाने घालून दिलेली ही अट पुढील सर्व विवेचनात वाचकांनी ध्यानी ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. प्रारंभी तिचा कारभार सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक यांच्या हाती असे. १८८२ साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्यासंबंधीचा ठराव आला, त्यामागून १८८४ चा मुंबई इलाख्याचा जिल्हा नगरपालिका कायदा झाला आणि निवडून आलेल्या सभासदांचे वजन हळूहळू वाढू लागले. मताधिकार मात्र बेताचाच होता. कर भरणारा, मालमत्ता असणारा किंवा शिकलेला पुरुष तेवढा मतदार. उरलेले गाव प्रेक्षक.

त्या काळी नगरपालिकेत पक्षांची चिन्हे नव्हती. तेव्हा एका अर्थी सारेच उमेदवार अपक्ष होते. परंतु ते खरोखर स्वतंत्र होते काय? बहुतेक सभासद आपल्या पेठेचे, आळीचे, वाड्याचे किंवा ज्ञातीचे म्हणून निवडून येत. ज्ञातीच्या पंगतीत ज्याचे नाव पुढे येई तोच उमेदवार ठरे. ज्या ज्ञातींजवळ वाडे नव्हते, सावकारी नव्हती आणि विद्याही पोहोचू दिली नव्हती, त्यांना त्या सभागृहात स्थान मिळणे दुरापास्त होते. २ मार्च १९३० रोजी ज्या नगरीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला, त्या नगरीत नगरपालिकेचे दार सर्वांना सारखेच उघडे होते असे म्हणणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल. म्हणून जुने दिवस पक्षविरहित होते, सबब ते चांगले होते, हा समज आपण प्रथम सोडला पाहिजे. पक्ष नसणे आणि स्वतंत्र असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

मुंबईचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. तेथील महापालिकेच्या अध्यक्षास १९३१ साली 'मेयर' ही पदवी प्राप्त झाली आणि जे. बी. बोमन-बेहराम हे पहिले मेयर झाले. पुढे कित्येक वर्षे तेथे एक अलिखित संकेत पाळला गेला. हे पद पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे पाळीपाळीने फिरावे, असा तो संकेत होता. त्यामुळे थोड्या संख्येच्या समाजांनाही मान मिळाला, हे खरे. परंतु तो मान मिळाला तो सभागृहातील सर्वांच्या संमतीने. कोणत्याही एका समाजाने आपल्याच मतांच्या जोरावर ते पद घेतलेले नव्हते.

आता आपल्या राज्याच्या कायद्याकडे वळू. महापौर लोकांच्या थेट मतांनी निवडला जातो, असा समज कित्येक सुशिक्षित घरांतही आढळतो. नगराध्यक्षाच्या बाबतीत असे प्रयोग महाराष्ट्रात झाले. १९७४ साली नगरपरिषदांचे अध्यक्ष प्रथमच थेट लोकांनी निवडले. ती पद्धत पुढे गेली, २००१ साली परत आली, पुन्हा रद्द झाली, २०१६ साली पुन्हा आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली आणखी एकदा आली. सत्तेवर कोण आहे त्याप्रमाणे हा पाळणा मागेपुढे झुलत राहिला आहे. महापौराची गोष्ट निराळी. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमान्वये, ज्याचे नाव पुढे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे झाले, महापौर हा नगरसेवकांनी आपल्यापैकीच एकास निवडावयाचा असतो. सारांश, नाशिकमध्ये महापौरपदाची अपक्ष उमेदवारी थेट जनतेपुढे करताच येत नाही. प्रथम प्रभागातून नगरसेवक म्हणून निवडून यावे लागते आणि नंतर सभागृहात बहुमत मिळवावे लागते. दोन उंबरठे ओलांडल्याशिवाय देवघर नाही.

नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक, नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका व भोवतालची गावे मिळून हे नवे शहर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २५९ चौरस किलोमीटर. परंतु महानगरपालिका झाली तरी महापौर झाला नाही! पहिली दहा वर्षे प्रशासकांचा अंमल राहिला. १९९२ साली पहिली निवडणूक झाली आणि शांतारामबापू वावरे हे नाशिकचे पहिले महापौर झाले. एका पिढीने नगरपालिकेचे सभागृह पाहिले आणि पुढच्या पिढीस दहा वर्षे मुळी सभागृहच पाहावयास मिळाले नाही. नागरिकत्वाची सवय अशा खंडांमुळे मोडते, असे आम्हांस वाटते.

आता अपक्षाच्या पहिल्या उंबरठ्याचा, म्हणजे प्रभागाचा, हिशेब मांडू. हा हिशेब रूक्ष वाटेल, पण साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. २००७ साली नाशिकमध्ये १०८ नगरसेवक होते आणि एका प्रभागातून एकच निवडला जाई. २००१ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख ७७ हजार होती. म्हणजे एका प्रभागात सुमारे दहा हजार माणसे झाली. दहा हजारांच्या वस्तीत एखादा शिक्षक, डॉक्टर किंवा दुकानदार घरोघर पायी फिरू शकतो. २०१२ साली नगरसेवक १२२ झाले आणि प्रभाग दोन सदस्यांचे झाले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली होती; तेव्हा एका प्रभागात सरासरी चोवीस हजारांवर माणसे आली. २०१७ साली बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले. १२२ जागांसाठी अवघे ३१ प्रभाग राहिले आणि एकेका प्रभागात सरासरी अठ्ठेचाळीस हजार लोक आले. पक्षाचे चार उमेदवार एकत्र फिरतात, एकाच चिन्हाचा जयघोष करतात आणि खर्च वाटून घेतात. अपक्ष मात्र चौपट मोठ्या मैदानात एकटा. त्यास चिन्हही मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर, निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांतून. कपाट, शिट्टी, कपबशी असे काहीतरी पदरात पडते आणि ते लोकांच्या मनात ठसविण्यास थोडेच दिवस उरतात.

परिणाम आकड्यांतच दिसतो. २०१२ साली नाशिकच्या सभागृहात सहा अपक्ष निवडून आले होते; २०१७ साली तीनच आले. अपक्षांचा गुण एकाएकी कमी झाला असे नव्हे. मैदान मोठे झाले.

दुसरा उंबरठा सभागृहाचा. १२२ जणांच्या सभागृहात बहुमतास ६२ मते लागतात. २०१२ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेस ४०, राष्ट्रवादी काँग्रेसला २०, शिवसेनेस १९, काँग्रेसला १५ आणि भारतीय जनता पक्षास १४ जागा मिळाल्या. उरलेल्या लहान पक्षांच्या व अपक्षांच्या. कोणासही बहुमत नव्हते. अशा वेळी अपक्षाच्या दारी मोटारी उभ्या राहतात. ज्यास प्रचारात कोणी ओळखत नव्हते त्यास एकाएकी सर्वजण 'भाऊ, भाऊ' म्हणू लागतात. त्या वर्षी मनसेचे यतीन वाघ भाजपच्या पाठिंब्याने महापौर झाले. २०१४ साली त्याच सभागृहात त्याच पक्षाचे अशोक मुर्तडक महापौर झाले, पण या वेळी पाठिंबा देणारे काँग्रेस आणि राष्ट्रवादी होते. अडीच वर्षांत मित्र बदलले, खुर्ची तीच राहिली. २०१७ साली भाजपला एकट्यासच ६६ जागा मिळाल्या. त्या दिवशी अपक्षाच्या मताची किंमत शून्य झाली. २०१९ साली तर सतीश कुलकर्णी यांची महापौरपदी बिनविरोध निवड झाली. यावरून दिसते की, अपक्षाचे वजन त्याच्या स्वतःच्या गुणावर थोडे आणि इतरांच्या फाटाफुटीवर फार अवलंबून असते. फाटाफुटीवर उभारलेले मोठेपण टिकाऊ नसते.

कायद्यानेही अपक्षाच्या वाटेत काही खुणेचे दगड रोविले आहेत. १९८६ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य पुढे एखाद्या पक्षात शिरला, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. मात्र निकाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत अपक्षांस व लहान गटांस आघाडी करून विभागीय आयुक्तांकडे नोंदविता येते. असे करण्यास सबळ कारण आहे. ज्या स्थायी समितीच्या हाती पैशाच्या मंजुऱ्या असतात, तिचे सदस्य सोळाच. १२२ जणांच्या सभागृहात साधारण सात-आठ नगरसेवकांमागे एक जागा येते. एकटा अपक्ष तेथे पोहोचतच नाही. परंतु आघाडीत गेला की तिचा आदेश त्याच्यावर बंधनकारक होतो. ज्या बंधनास कंटाळून तो पक्षाबाहेर राहिला, तेच बंधन दुसऱ्या दाराने घरात येते.

आणखी एक गोष्ट. महापौरपदाचे आरक्षण सोडत काढून ठरते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग व महिला यांना त्यामुळे हे आसन लाभू शकले. ज्यांना जुन्या पेठांच्या राजकारणाने शंभर वर्षे बाहेर ठेविले होते, त्यांच्यासाठी हे दार कायद्याने उघडले. २०१७ साली रंजना भानसी महापौर झाल्या त्या अनुसूचित जमातीसाठी राखीव झालेल्या पदावर. आपल्यापैकी कोणी आरक्षणाविषयी नाराजीने बोलतो, तेव्हा १९३० च्या नाशिकचे स्मरण त्याने करावे.

आता नाशिकबाहेर जाऊ. जेथे महापौर थेट लोकांकडून निवडला जातो तेथे अपक्षांचे काय झाले? उत्तर प्रदेशातील गोरखपूर येथे २००० साली आशादेवी या तृतीयपंथी उमेदवार अपक्ष उभ्या राहिल्या आणि मोठ्या पक्षांना मागे सारून महापौर झाल्या. छत्तीसगडमधील रायगड येथे २०१५ च्या जानेवारीत मधू किन्नर यांनी अपक्ष म्हणून साडेचार हजारांवर मताधिक्याने विजय मिळविला. या दोघींच्या समाजाची संख्या ती किती? शहरात बोटांवर मोजण्याइतकी. समाजाच्या मतांवर विसंबून राहिल्या असत्या तर अनामतही राहिली नसती. लोक पक्षांना विटले होते आणि या उमेदवारांनी प्रत्येक गल्लीत जाऊन प्रत्येकाकडे मत मागितले. ज्यांच्यामागे सर्वांत लहान समाज होता, त्यांना सर्व समाजांनी उचलून धरले!

सातासमुद्रापलीकडे लंडनमध्ये २००० साली पहिली थेट महापौर निवडणूक झाली. मजूर पक्षाने केन लिव्हिंग्स्टन यांना डावलून दुसऱ्याचे नाव पुढे केले, तेव्हा ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. ते पक्षाचे जुने, गाजलेले पुढारी होते, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. २००४ साली ते पुन्हा त्याच पक्षात परतले आणि पक्षातर्फे पुन्हा विजयी झाले. पुष्कळांचे अपक्षत्व असे रागावून माहेरी गेलेल्या सुनेसारखे असते. सन्मानाने बोलावणे आले की ती परत नांदावयास जाते.

बेळगावची कथा आपल्या मराठी मनास अधिक जवळची आहे. तेथे महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार कायद्याच्या दृष्टीने अपक्ष म्हणून, निरनिराळ्या चिन्हांवर उभे राहत आले. तरीही एका ध्येयाच्या सूत्रात ते गुंफलेले असल्यामुळे त्यांनी महापौरपद वारंवार मिळविले. २००५ साली महानगरपालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. तेव्हाचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडास बंगळुरात काळे फासण्यात आले आणि कर्नाटक सरकारने महानगरपालिका बरखास्त केली. तेथील अपक्षांनी खुर्चीपेक्षा शब्दाला अधिक मानले आणि त्याची किंमतही मोजली. २०२१ साली राष्ट्रीय पक्ष आपल्या चिन्हांवर उतरले आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. चिन्हाचे बळ किती मोठे असते, याचा प्रत्यय तेथेही आला.

आता घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एका सालस गृहस्थास एका पक्षाने उमेदवारीचे आश्वासन दिले आणि अखेरच्या रात्री ते दुसऱ्यास दिले. ते अपक्ष उभे राहिले. आम्ही सर्व कार्यकारिणी त्यांच्यामागे उभे राहिलो. ज्ञातीची घरे मोजली, याद्या केल्या, मंडळाच्या सभागृहात बैठका घेतल्या, महिला मंडळाने हळदीकुंकू केले. ज्ञातीची मते बहुतेक सर्व पडली. तरी उमेदवार पडले. कारण प्रभागात आपली घरे होती तीनशेच्या आत. निकालानंतर शेजारच्या वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ, आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आम्हांस रस्त्यात भेटले. ते म्हणाले, 'अहो, तुमचा माणूस चांगला होता. आमच्या गल्लीत नळाला पाणी नव्हते तेव्हा तोच कचेरीत खेटे घालीत होता. पण मत मागावयास तुम्ही आमच्याकडे आलातच नाही. आम्हांला वाटले, तो तुमचा उमेदवार आहे.'

'तुमचा उमेदवार' या दोन शब्दांनी आम्ही खजील झालो. ज्या माणसाने सर्व प्रभागाची सेवा केली होती, त्यास आम्ही प्रेमापोटी आपल्या ज्ञातीच्या कुंपणात कोंडले. पक्षाने त्यांना फसविले हे खरे. परंतु त्यांचा पराभव करण्यात आमचाही वाटा होता. हे येथे लिहिताना संकोच होतो, पण स्मरणिका हे केवळ सत्काराचे पुस्तक नव्हे. चुकांची नोंदही तिच्यात असावयास हवी.

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य आमच्या अल्पमतीप्रमाणे असे आहे. नाशिकमध्ये अपक्षाने महापौर होणे कायद्याने अशक्य नाही. व्यवहारात ते अत्यंत अवघड आहे. त्या अवघड वाटेवर ज्ञातीची मते ही शिदोरी म्हणून ठीक, पण तेवढ्या शिदोरीवर मुक्काम गाठता येणार नाही. आपल्या मंडळाने ठराव करून मते कोणाच्या पदरात घालावी, ही जुनी रीत आता सोडून द्यावी. मत हे प्रत्येक ज्ञातिबंधूचे व भगिनीचे स्वतःचे आहे, ज्ञातीचे नाही. मंडळाने करावयाचे ते निराळेच. तरुणांस महानगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचावयास शिकवावे. प्रभागातील सभांना त्यांना पाठवावे. जो दहा वर्षे पाण्याच्या, गटाराच्या आणि शाळेच्या प्रश्नावर सर्वांसाठी झटेल, त्याच्या पाठीशी उभे राहावे, आणि तो दुसऱ्या ज्ञातीचा असला तरीही राहावे.

मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकांचा अंमल पुन्हा सुरू झाला. पुढच्या निवडणुकीसाठी शहरास २०२६ च्या जानेवारीपर्यंत वाट पाहावी लागली. त्या काळात नळास पाणी आले नाही तर दार कोणाचे ठोठवावे, हे घराघरांतील गृहिणींना कळेनासे झाले होते. नगरसेवक कोणत्या पक्षाचा वा ज्ञातीचा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारीत नव्हते. नगरसेवक असावा, एवढेच सर्वांस वाटत होते.

आपल्या घरातील कोणी मुलगा वा मुलगी एके दिवशी त्या आसनावर बसेल, अशी आशा आम्हीही बाळगतो. तो दिवस आला, तर निकालाच्या संध्याकाळी त्या शेजारच्या वस्तीतील गृहस्थांसारखा कोणी म्हातारा आमच्या दारी यावा आणि पेढे मागताना म्हणावा, 'आमचा उमेदवार निवडून आला!' त्या दिवशी मंडळाच्या वतीने पेढे आम्ही वाटू.